मास्तर, पदेर आणि एक ‘ना’

गुरुदासबाब,

मास्तर की पदेर, याचा निकाल गुरुवारी लागायचा होता. तुम्ही मंगळवारी सकाळी गेलात, अंघोळ करून, टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून. दोन दिवस थांबला असतात तर काही बिघडलं नसतं. आठ वर्षं मला ‘सावकाश गो’ म्हणत आलेल्या माणसाने शेवटी इतकी घाई करावी, याचा मला राग आहे आणि तो इतक्यात जायचा नाही.

तुमच्या घरून वैनींनी बजावलं आहे की लिहिशील ते मला वाचून दाखव. तेव्हा तुम्हाला तोंडपाठ असलेलंही थोडं लिहावं लागेल. वैनी, मास्तर आणि पदेर ही माणसं नाहीत. गावोगाव फिरणाऱ्या आमच्या दवाखान्याच्या गाडीसाठी आम्ही दोघांनी जो प्रोग्रॅम लिहिला, तो चालवण्याआधी वाचून बघणारी ही दोन साधनं. त्यांना टाइप चेकर म्हणतात. आकडा हवा तिथे नाव आलंय, तारीख हवी तिथे काहीच आलेलं नाही, असं दिसलं की ती आधीच बोंब मारतात. अशी साधनं पुष्कळ आहेत. चाळून चाळून आमच्याकडे दोन उरली. एक सावकाश, प्रत्येक ओळीला बोट लावून वाचणारं, शंका आली की पुढे जाऊ न देणारं. दुसरं झटपट, सगळं एकदा नजरेखालून घालून ‘चालू दे’ म्हणणारं. पहिल्याचं नाव गुरुदासबाबांनी मास्तर ठेवलं. दुसऱ्याला मी पदेर म्हटलं, कारण आपल्या दाराशी पदेर येतो तो भोंगा वाजवून, पाव हातात ठेवून, आपण चप्पल काढेपर्यंत पुढच्या वाड्यावर पोचलेला असतो. मी पदेराच्या बाजूची होते. गुरुदासबाब मास्तराच्या. चार महिने आमचं यावरून वाजत होतं आणि शेवटी संस्थेच्या समितीने गुरुवारची तारीख देऊन टाकली.

पेपरात तुमचा फोटो आला, बाब. खाली जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं होतं. ‘माजी खाण कर्मचारी’ असं छापलं होतं. ते वाचून मी चिडले. तुम्ही प्रोग्रॅमर होतात. माझ्या पाहण्यातले सगळ्यात चांगले प्रोग्रॅमर, आणि मी पुण्यात चार वर्षं काढून आलेली आहे, तेव्हा पाहण्यात काही कमी माणसं आलेली नाहीत.

खाणीवरच्या लॅबमध्ये तुम्ही मातीचे नमुने तपासायचात. खाण बंद पडली तेव्हा तुमच्या बरोबरीच्या कोणी दुकान घातलं, कोणी बागायतीत शिरले, कोणी तिठ्यावर गप्पा मारत बसले. तुम्ही संस्थेत प्रिंटर दुरुस्त करायला आलात आणि पन्नाशीच्या तोंडावर प्रोग्रॅम लिहायला शिकलात. लॅबमधली उरलेली एक लांबट वही तुमच्याकडे होती. तिच्यात रोजची चूक लिहायचात, तारीख घालून, खाली ती का झाली ते. मी नवीन आले तेव्हा ती वही बघून मला हसू आलं होतं. आता ती माझ्या टेबलावर आहे आणि तिच्यात माझ्याच चुका जास्त आहेत, तुमच्या अक्षरात.

मी रुजू झाल्याचा पहिलाच आठवडा. आपल्या ताई घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांची शुगर आणि प्रेशर बघतात आणि मोबाइलवर भरतात. आकड्याच्या जागी त्या कधी कधी नुसतं ‘ना’ लिहायच्या. प्रोग्रॅम तिथे अडकून पडायचा. मी एक ओळ लिहिली: जे आकडा नसेल ते शून्य धरा. एका ओळीत काम झालं म्हणून मी खुशीत होते. तुम्ही प्रिंटरची शाई बदलता बदलता माझ्या पडद्याकडे आलात आणि त्या ओळीवर बोट ठेवलंत.

“हें ‘ना’ खंय वता?”

“शून्यात,” मी म्हटलं.

“शून्यांत?” तुम्ही ओळ पुन्हा वाचलीत. मग म्हणालात, “ना म्हणजे शून्य न्हय गो.”

“बाब, कॉम्प्युटरला कोकणी कळत नाही.”

तुम्ही हसलात. बोटाची शाई पुसलीत आणि वहीत काहीतरी लिहिलंत. काय लिहिलंत ते मी या आठवड्यात वाचलं. ‘सुलक्षा हुशार आसा. ऐकना.’ हुशार, पण ऐकत नाही.

मग ते द्रौपदीकाकीचं झालं. काकी माझ्याच गावची, पार्सेची, आमच्याच वाड्यावरची. एके दुपारी प्रोग्रॅमने लाल अक्षरात दाखवलं की द्रौपदीकाकीची शुगर शून्य. शुभांगी सिस्टर गाडी घेऊन, ग्लुकोजची बाटली मांडीवर धरून, डिचोलीहून पार्सेला धावली. काकी काजूच्या बागेत पडलेले बोंडू वेचत होती. सिस्टरने तिला खाली बसवलं, नाडी धरली. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “शुगर शून्य जाल्यार हांव अजून जिती कशी गो?” त्या दिवशी काकी घरी नव्हती, म्हणून ताईने ‘ना’ लिहिलं होतं, एवढीच गोष्ट. ऑफिसात आठवडाभर हसणं चाललं. मीही हसले. आणि प्रोग्रॅममध्ये लिहून टाकलं की शुगर शून्य असेल तर बोंब मारू नये.

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “बाय, भोंगो बंद केलो. शून्य तशेंच आसा.”

मी म्हटलं, “बघू नंतर.” हा माझा शब्द. या लेखात तो पुन्हा येणार आहे.

सर्वणच्या यशवंतअप्पांची गोष्ट हसण्याची नव्हती. चार महिन्यांत त्यांची शुगर दोनदाच तपासून झाली होती आणि दोन्ही वेळा ती भरपूर होती. उरलेल्या दोन वेळा यंत्राच्या पट्ट्या संपलेल्या होत्या. ताईने लिहिलं ‘ना’. माझ्या ओळीने तिथे दोन शून्यं घातली, सरासरी निम्म्यावर आली, आणि डॉक्टरांकडे जी यादी जाते तिच्यात अप्पांचं नाव चढलं नाही. शेतात त्यांच्या पायाला लागलं होतं. जखम भरेना. सगळं लक्षात आलं तोवर उजव्या पायाची दोन बोटं काढायची वेळ आली.

सेक्रेटरींनी सगळ्यांना बोलावून विचारलं, ही ओळ कोणाची. मी भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही म्हणालात, “चूक माजी. तपासपाचें काम माजें आशिल्लें.” तपासायचं काम तुमचं कधीच नव्हतं, बाब. तुम्ही तेव्हा कागदोपत्री प्रिंटरवाले होतात. मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्कूटर काढून सर्वणला गेलात हे मला ठाऊक होतं. तिथे काय बोललात ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. आठ वर्षांत आपण जगातल्या सगळ्या विषयांवर भांडलो, हा एक सोडून.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही खुर्ची ओढून माझ्याजवळ बसलात आणि मला लॅबची गोष्ट सांगितलीत. कधी कधी ट्रक अडकायचा आणि नमुना यायचाच नाही. कधी नमुना यायचा, पण त्यात लोखंडच नसायचं. “नमुनो आयलोच ना. नमुन्यांत लोखंड ना. दोनूय ‘ना’च, पूण एक न्हय,” तुम्ही म्हणालात. तक्त्यात दोन्हींसाठी वेगळी खूण असायची आणि ती चुकवणाऱ्याला लॅबमध्ये दुसऱ्यांदा पेन हातात मिळत नसे. मी विचारलं, मग मला का देताय? तुम्ही म्हणालात, “तूं आतां चुकची ना म्हणून.”

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. सगळ्या ताईंना चहाला बोलावलंत आणि एकच प्रश्न विचारलात: तुम्ही ‘ना’ लिहिता तेव्हा खरं काय झालेलं असतं? एक म्हणाली, माणूस घरात नसतो. दुसरी म्हणाली, पट्टी नसते. तिसरी जरा लाजून म्हणाली, कधी कधी माणूस तपासू देत नाही, ‘नाका’ म्हणतो, मग मी ‘ना’च लिहिते. एवढी वर्षं एकाच अक्षरात तीन गोष्टी कोंबलेल्या होत्या आणि मी चौथी घातली होती, शून्य.

तुम्ही प्रोग्रॅममध्ये ‘ना’ नावाचा एक स्वतंत्र प्रकार केलात. त्याच्या पोटात तीन: घरी ना, पट्टी ना, नाका. नावं देवनागरीत. मी म्हटलं, “कोडमध्ये देवनागरी कोण लिहितं?” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “कॉम्प्युटराक कोकणी शिकयतां.”

मग मास्तर आणलात. तो पहिल्यांदा चालवला तो दिवस मी विसरणार नाही. तो माझ्या त्याच जुन्या ओळीपाशी थांबला आणि इंग्लिशमध्ये त्याने सांगितलं की इथे आकडा हवा होता, आलाय तो ‘ना’. त्या इंग्लिश वाक्याच्या मधोमध आपला ‘ना’ ऐटीत बसला होता. कुठल्या तरी दूरच्या देशात कोणी तरी लिहिलेलं साधन, आणि ते डिचोलीतल्या एका ऑफिसात माझ्या गावचा शब्द उच्चारून मला चूक दाखवत होतं. तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात. मी ती ओळ खोडली. इतका अभिमान मला माझ्या पदवीचाही वाटला नव्हता.

वैनींनी परवा सांगितलं की हा छळ घरीही होता. “घरांत साखर ना म्हटलें की विचारी, संपली की आणूंकच ना?” सांगताना त्या हसल्या, मग पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

इतकं असून मी मास्तराच्या विरोधात का, हे तुम्हाला कळत होतं. कबूल करत नव्हतात, ते वेगळं. प्रोग्रॅम वाढला. आपली कॉम्प्युटरं जुनी. एवढासा बदल केला तरी मास्तर चार मिनिटं घ्यायचा. दिवसाला तीस बदल केले की दोन तास नुसतं त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. पदेर तेच काम एका श्वासात करायचा. शिवाय नव्याने आलेली पोरं मास्तराला कंटाळून ओळीपुढे खूण करायला लागली होती: इथे बघू नको. अशी खूण केली की तो ती ओळ सोडून देतो. मीही दोनचारदा केली. तुम्ही दर सोमवारी त्या खुणा शोधून काढायचात आणि ओळीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी माझ्या कीबोर्डखाली सरकवून ठेवायचात. बोलायचं काही नाही. नुसता नंबर.

मी म्हणायचे, “बाब, तुम्हाला चहाला निमित्त हवं, म्हणून मास्तर आवडतो.” तुम्ही म्हणायचात, “पदेर पाव दिता. कच्चो आसा काय तें पळयना.” बघत नाही, ही तुमची तक्रार. मी म्हणायचे, मग रोज सकाळी त्याचेच दोन पाव चहात बुडवून कोण खातं? तेवढाच माझा विजय. एकदा मात्र वाळपईच्या सरकारी ऑफिसातून परत येताना गाडीत तुम्ही एकदम म्हणालात, “तुजें खरें गो. वेळ वता.” मी इतकी चकित झाले की पुढे भांडायचंच विसरले. मग तुम्हीच म्हणालात, दोन्ही समितीपुढे मांडूया, मी माझं सांगतो, तू तुझं सांग, ते ठरवतील ते दोघांनी मान्य करायचं. तुमची बाजू मांडायला तुम्ही आला नाहीत. हे मला मान्य नाही.

आणखी एक भांडण अर्धं राहिलं आहे. आपल्या यादीतलं कोणी वारलं की ताई त्याचं नाव काढून टाकायच्या. तुम्हाला ते खपत नव्हतं. म्हणायचात, “नांव काडलें म्हणजे तो मनीस केन्नाच नासलो अशें जाता.” जणू तो कधी नव्हताच. लॅबमध्ये जुना नमुना कोणी खोडत नसे. ‘ना’च्या पोटात चौथा प्रकार घालूया, असं तुमचं म्हणणं. शब्दही तुम्ही शोधून ठेवला होता: अंतरले. मी म्हटलं, ताईंना हे बटण दाबायला कसं वाटेल, लोकांना काय वाटेल, आणि कामही वाढेल. तुम्ही दोनदा विषय काढलात. दुसऱ्या वेळी मी पर्स उचलली आणि म्हटलं, “बघू नंतर.” तुम्ही म्हणालात, “बरें.”

आता रागाचं. तुमचं नाव यादीत होतं. पन्नाशी उलटलेल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचं आहे. गेलं वर्षभर तुमच्या नावापुढे, प्रेशर आणि शुगर दोन्हींत, एकच शब्द आहे: नाका. बारा महिने, बारा वेळा. प्रोग्रॅमने तुम्ही शिकवलं तसंच केलं. त्याने शून्य धरलं नाही, सगळं ठीक आहे असं मानलं नाही, दर महिन्याला ‘तपासू न देणारे’ या यादीत तुमचं नाव पहिलं छापलं. आणि ती यादी बोर्डावर टाचणीने लावायचं काम कोणाचं? तुमचंच. लावायचात आणि तिच्यापुढे उभे राहून चहा प्यायचात. शुभांगी सिस्टर पट्टा घेऊन मागे लागली की म्हणायचात, “फुडल्या म्हयन्यांत.” तुमचा तो शब्द आणि माझा ‘बघू नंतर’, दोन्ही एकाच घरचे. सिस्टर तुमच्या बाराव्याला आली होती. म्हणाली, मी हात धरून बसवायला हवं होतं. मी तिला म्हटलं, मीही. आम्ही दोघी तुमच्यावर खूप चिडलो आणि मग खूप रडलो. बाब, तुम्ही यंत्राला जे शिकवलंत ते स्वतः ऐकलं असतंत तर हा लेख मला लिहावा लागला नसता.

समितीने गुरुवारची बैठक पुढे ढकलून बाराव्यानंतर घेतली. आदल्या दिवशी मी तुमची नोंद उघडली. ताई विचारत होती, बाबांचं नाव काढू का? मी म्हटलं, हात लावू नको. मग बसले आणि ‘ना’च्या पोटात चौथा प्रकार घातला: अंतरले. काम एका ओळीचं. आणि तुमच्या नावापुढे तो शब्द लिहिला. तो लिहायला मला बराच वेळ लागला.

आधी पदेर चालवला, सवयीने. एका श्वासात म्हणाला, सगळं ठीक.

मग मास्तर. चार मिनिटं गेली. तो सतरा जागी थांबला. पुढच्या फेरीची यादी करताना माणूस अंतरलेला असेल तर काय करू? सरासरी काढताना? औषध संपत आल्याची आठवण पाठवताना? घरच्यांना फोन लावताना? वाढदिवसाचा निरोप जातो, तो? सतरा ठिकाणी त्याने मला विचारलं की हा माणूस आता नाही, इथे काय करायचं ते सांग, त्याशिवाय मी पुढे जाणार नाही. मी पडद्यासमोर बसून राहिले. घरात माणूस गेल्यावर हेच होतं. त्याचा चहाचा कप, त्याची चप्पल, त्याचा फोन, एकेका जागी थांबून विचारावं लागतं. पदेर भोंगा वाजवून निघून गेला होता. तुम्ही गेलात हे त्याच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी दोन पडदे शेजारी शेजारी लावले. यशवंतअप्पा आता रुग्णांच्या वतीने समितीवर असतात. काठी खुर्चीला टेकवून समोर बसले होते. मी सांगितलं, माझी निवड पदेर होती. मग नवा प्रकार घातल्यावर दोघे काय म्हणाले ते दाखवलं. सेक्रेटरींनी विचारलं, चार मिनिटं तर चार मिनिटं, पण पोरं पुन्हा ‘बघू नको’ची खूण करायला लागली तर? मी म्हटलं, दर सोमवारी मी शोधीन आणि चिठ्ठी ठेवीन.

एवढ्यावर थांबता आलं असतं. अप्पांचा पाय टेबलाखाली दिसत होता. मी म्हटलं, “अप्पा, ती शून्याची ओळ गुरुदासबाबांची नव्हती. माझी होती. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.”

अप्पांनी खुर्चीला टेकवलेली काठी हातात घेतली.

“गुरुदास घरा आयल्लो,” ते म्हणाले. “तो म्हणालो, चूक माजी. हांवें म्हटलें, तूं कॉम्प्युटरवालो केन्ना जालो? तेन्ना तो म्हणालो, जातां आतां.” मग मास्तराच्या पडद्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, “तेका आतां ‘ना’ कळटा?”

“कळटा,” मी म्हटलं.

“तर तोच दवर.”

अशी निवड झाली, बाब. मास्तर राहिला. तुम्ही जिंकलात, आणि तुमची बाजू मी मांडली, हे मिरवायला मला जन्मभर पुरेल.

त्या संध्याकाळपासून मी सतरा जागा एकेक करून भरत गेले. फेरीच्या यादीत नाव नको. सरासरीत धरायचं नाही. जुने आकडे जसेच्या तसे ठेवायचे, खोडायचे नाहीत. फोन लावायचा नाही. वाढदिवसाचा निरोप पाठवायचा नाही. शनिवारी सोळा झाल्या.

सतरावी जागा तुमच्या फाइलमध्ये होती, तुम्ही एकट्याने लिहिलेल्या. मी ती कधी उघडली नव्हती. तिथे तुम्ही तीन प्रकारांची व्यवस्था लावून खाली मुद्दाम एक अडसर घालून ठेवला होता, चौथा काही आला तर मास्तराने तिथे थांबावंच म्हणून. अडसराच्या वर एक टीप होती. तारीख बघितली. मी पर्स उचलून ‘बघू नंतर’ म्हणून निघून गेले, त्याच दिवसाची. तुम्ही मागे बसून लिहिलं होतं:

‘चौथो प्रकार आयलो की हांगा थांब. फुडलें सुलक्षा करतली.’

पुढचं मी करीन, याची तुम्हाला खात्री होती. माझं ‘नंतर’ ऐकूनही होती. शून्याच्या ओळीनंतरही होती. कोणी माझ्यावर इतका विश्वास टाकून ठेवला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तुमची टीप मी काढली नाही. खाली अडसराच्या जागी जे हवं ते लिहिलं, आणि टिपेखाली एक शब्द घातला: ‘केलें.’ मग मास्तराला पुन्हा वाचायला बसवलं आणि चहा ठेवला. दोन कप ठेवले गेले, सवयीने.

चार मिनिटांनी त्याने सांगितलं, चुका शून्य. बाब, हा शून्य खरा शून्य आहे. मी तपासून घेतला.

तुमची,
सुलक्षा